साहेब नावाची बकरी

किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. तीच ती चार माणसं रोज त्याच बाकड्यावर बसली, की भट्टीखाली राख साचावी तसे ते आपोआप साचतात. आमचं बाकडं कनेरगाव नाक्यावर, गफूरभाईंच्या हॉटेलात. समोरच माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. शिक्षण सातवीपर्यंत, पण झोपण्यापूर्वी दिवसाच्या दोन ओळी लिहायची सवय, म्हणून एवढं ध्यानात राहिलं.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या सुमारास देवराव जमादार मुदतीआधीच पोलीस खातं सोडून इथं राहायला आले. रस्त्याला लागून जमिनीचा तुकडा घेतला. त्यांना पोहता यायचं, हाच त्यांचा गुन्हा! ठाण्याच्या हद्दीत कुणी विहिरीत सापडलं, की साहेब म्हणायचे, "देवरावला बोलवा." सगळी नोकरी त्यांनी माणसं वर काढली. एकही बोलणारं नव्हतं.

शेतात विहीर होतीच. पण जमादार तिच्याकडं पाठ करून बसायचे. प्यायचं पाणी शेवंतावहिनीच शेंदायच्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "मानूस रिटायर झाला वो, पर झोप अजून ड्युटीवरच हाय. दचकून उठून बसतेत."

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. हॉटेलसमोर ट्रकचा टायर फुटला. धाडकन आवाज! आम्ही वळून पाहतो तर बाकड्यावरची जमादारांची जागा रिकामी. जमादारांनी गफूरभाईंना जमिनीवर आडवं पाडलं होतं आणि स्वतः त्यांच्यावर पालथे पडले होते.

खालून गफूरभाई म्हणाले, "जमादारसाब, उठो भी! भजे जल रहे हैं!"

जमादार उठले, कपडे झटकले आणि कुणाकडं न बघता निघून गेले. मग चार-पाच दिवस फिरकलेच नाहीत. शेवटी गफूरभाई कागदात भजी बांधून त्यांच्या दारात गेले.

"ये क्या?"

"हप्ता! आपने जान बचाई ना हमारी?"

उभ्या नोकरीत ज्यानं कुणाचा हप्ता घेतला नाही, त्यानं तो उंबऱ्यावर बसून खाल्ला. मिरचीसकट!

* * *

मारोतीमामा आमच्या बाकड्यावरचे चौथे. मेंढ्या-बकऱ्या राखणारा माणूस. एक दिवस त्यांनी जमादारांच्या हातात एका बकरीचा दोर दिला.

"हे काय मामा?"

"औषध हाय. सकाळ-संध्याकाळ दूध प्या, आन् दिवसभर हिच्या मागं पळा. झोप न्हाई लागली तर मला इचारा!"

महिनाभरात बकरीनं वहिनींचा मेथीचा वाफा संपवला आणि जमादारांची खाकी टोपी अर्धी खाल्ली. जमादारांनी तिचं नाव ठेवलं साहेब.

"काहून साहेब?" मी विचारलं.

"सकाळपासून खाऊन राहिली, आन् वरून माझ्यावरच वरडून राहिली!"

जमादारांना विनोद करताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

* * *

जमादार पाणी द्यायला शिकले तेही खात्याच्या पद्धतीनं. मोटारीची कळ घराजवळ, वाफे पार रस्त्याच्या कडेला. वहिनींना हाक पोचेना, म्हणून त्यांनी जुनी शिट्टी काढली. एक वाजली की मोटार चालू, दोन वाजल्या की बंद.

एकदा त्यांनी दोन खणखणीत शिट्ट्या मारल्या आणि वाशिमकडं निघालेली एसटी कचकन थांबली! कंडक्टर कागद घेऊन खाली उतरला. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "काय झालं साहेब?"

जमादार खोरं टेकवून म्हणाले, "काई न्हाई. वाफे भरले."

* * *

एक दिवस मी आणि मारोतीमामा जमादारांच्या शेतात होतो. विहिरीच्या कडेला उंबराचं रोप फुटलं होतं. बकरीसाहेबांनी त्याच्यासाठी मान लांबवली आणि खालचा दगड सुटला. धप्प!

"गेली!" मामा ओरडले. "दोर आना, दोर!"

दोर आला. पण खाली जाऊन बांधणार कोण? मामांना पोहता येत नाही, मलाही नाही. जमादार बाभळीखाली पाठ करून बसलेले. वहिनी त्यांच्याकडं बघत होत्या.

जमादार उठले. चपला काढून शेजारी शेजारी नीट ठेवल्या. काठावर आले, खाली पाहिलं आणि उडी घेतली.

पाणी हललं, मग शांत झालं. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. आणि खालून आवाज आला, सगळी विहीर घुमली.

"जित्ती हाय! अगं शेवंता, जित्ती हाय ही! मामा, जित्ती हाय हो!"

आम्ही दोर ओढला. साहेब वर आले, अंग झटकलं आणि पुन्हा उंबराकडं निघाले. मामांनी कान धरून त्यांना खुंट्याला बांधलं.

जमादार मात्र वर येईनात. पाण्यावर उताणे पडून आभाळ बघत राहिले. पायऱ्या समोरच होत्या.

बऱ्याच वेळानं वहिनी काठावरून वाकून म्हणाल्या, "अवो, या की आता वर! भाकरी निवून राहिल्या!"

खालून उत्तर आलं, "टोपल्यात घालून खाली सोड!"