राजाची अडीच घरं

बुद्धिबळ मला बाबांनी शिकवलं आणि चुकीचं शिकवलं. हे मी आता कुणापुढेही म्हणते, त्यांच्यापुढेसुद्धा.

आमच्या संग्रामपूरकडे ओट्यावरच्या डावात राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारू देतात. बाबांची सुरुवात ठरलेली: राजापुढचं प्यादं सरकवायचं, कडेला वाट करायची आणि उडी मारून राजाला कोपऱ्याकडे लपवायचं. मी तीच घोकली. शिकवणी लावा म्हटलं तर म्हणाले, "मी मेलो काय?" तालुक्याच्या स्पर्धेत पंच होते आमचेच व्यायामशिक्षक, तेही ओट्यावरचेच. मी पहिली आले. बारावीचं वर्ष होतं. बाबा खुशीत बोलून गेले, "जिल्ह्यात नंबर काढ, तुले अकोल्याले हॉस्टेलवर ठेवतो. शब्द हाये माहा."

जिल्ह्याची स्पर्धा शेगावला होती. हरला तो बाहेर. पहिल्याच डावात समोर बुलडाण्याची मुलगी. माझी सुरुवात झकास जमली. सहाव्या चालीला राजा उचलला आणि उडी मारली. तिनं नुसता हात वर केला. पंच आले, त्यांनी राजा परत जागेवर ठेवला. "अशी चाल नसते. पण हात लावलाय, आता राजाच हलवावा लागेल. एक घर." मोकळं घर एकच होतं, समोरचं, अगदी उघड्यावरचं. तिथं ठेवला.

मागून बाबांचा आवाज चढला, "काऊन नसते? आम्ही जलमभर हेच खेळून राह्यलो!" सगळा हॉल हसला. मी मान वर केली नाही. दहा मिनिटांत मात झाली.

परतताना एसटीत बाबा त्या पंचाला शिव्या घालत होते, म्हणे कायचे भलते नियम! मी हळूच हॉस्टेलचं विचारलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नंबर आला काय? शर्त म्हंजे शर्त."

बी.ए. इथंच केलं. इथंच झेरॉक्सच्या दुकानात बसते. त्या दुपारचा राग अजून तस्साच आहे, जराही निवला नाही.

परवा रविवारी बाबांनी पट मांडला, मला बसवलं. पाच-सहा चालींनंतर त्यांनी राजा उचलला. मी मनगट धरलं. "हात लागला, बाबा. एकच घर."

"घरच्या डावात कायचे नियम वो?"

"अकोल्याच्या हॉस्टेलच्या वेळेस होते ना!"

बाबांनी राजा समोरच्या घरात ठेवेपर्यंत मी मनगट सोडलं नाही.