चौथ्या बाटलीतला अर्क

गुमसानच्या बाजारात यांगसुनच्या जिभेला घाबरणारी माणसं अजूनही आहेत. पंचाहत्तरी उलटली, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला, पण ती एखाद्या जिनसेंगच्या औषधी मुळ्यांच्या दुकानासमोर थबकली की दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. बाईच्या तोंडाला फाटक नाही, असं सगळे म्हणतात. आणि बाईचं बोलणं खरं ठरतं, हेही तेच म्हणतात.

हा मान तिनं अंधारात बसून मिळवला होता. लाल जिनसेंगच्या कारखान्यात बावीस वर्षं तिनं प्रतवारी केली. खिडक्यांना काळे पडदे, टेबलावर एकच दिवा, आणि वाफवून वाळवलेली एकेक मुळी त्या दिव्यासमोर धरायची. अंगभर गच्च, आत पोकळी नाही, पांढरा डाग नाही, ती 'स्वर्ग'. थोडासा दोष असलेली 'धरती'. त्याखालची 'चांगली'. शेजारच्या स्टुलावर दॉगिम बसायची. बाहेर ऊन पडलंय की बर्फ, हे दोघींना जेवणाच्या सुट्टीतच कळायचं. अंधारात कुणाचं तोंड दिसत नसल्यामुळे तोंडाला लगामही नसायचा. गावातल्या माणसांचीही त्या अशीच प्रतवारी लावायच्या. दॉगिमनं स्वतःच्या नवऱ्याला 'धरती'त बसवलं होतं. यांगसुनच्या सासूला मात्र 'चांगली'तसुद्धा जागा मिळाली नाही. मुकादम ओरडला की दोघी बाही तोंडात कोंबून हसायच्या. कंबर मोडायची, डोळे चुरचुरायचे, आणि तरी तेवढं सुख यांगसुनला पुढं कधीच मिळालं नाही.

त्या दॉगिमशी ती एकोणीस वर्षं बोलली नव्हती.

या शरदात यांगसुनच्या नातीचं, हेरिनचं, लग्न ठरलं. होणाऱ्या सासरी लाल जिनसेंगचा अर्क पाठवायचा, तर तो उत्तमच हवा. हेरिननं फोनवरून पाच विक्रेत्यांच्या पाच बाटल्या मागवल्या आणि सोळा तारखेला दुपारी आजीपुढं ओळीनं मांडल्या.

"आजी, या पहिलीला चार पूर्णांक नऊ तारे मिळालेत."

"तारे आभाळात शोभतात. बाटलीत काय आहे ते बघू."

"आणि हिच्याच लेबलावर बघ, किती मोठा आकडा लिहिलाय."

"तेवढा जिनसेंगचा अर्क आहे, असं लिहिलंय. त्या अर्कात पाणी किती आणि कस किती, ते मागं मुंगीच्या अक्षरात असतं. वाच."

हेरिननं डोळे बारीक करून वाचलं आणि "एवढं पाणी!" म्हणत पहिली बाटली जरा मागं सरकवली. मग आजीच्या हुकमावरून तिनं सगळ्या बाटल्यांना कागद गुंडाळून वर आकडे घातले. दुकानाचं नाव दिसलं की जीभ आधीच ठरवून टाकते, असं आजीचं म्हणणं.

यांगसुननं कोमट पाण्यानं चूळ भरली. घासभर कोरडा भात चावून खाल्ला, पुन्हा चूळ भरली. मग एकेक चमचा. पहिला पातळ. दुसऱ्याला धुराचा वास, "वाफेवर नाही, घाईवर शिजवलाय." तिसरा बरा होता, पण नुसत्या बारीक मुळांचा. पाचवा गोड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत गोड, "हा मुलांना द्या." चौथा मात्र तिनं जिभेवर धरून ठेवला. आधी कडू, मातीच्या वासाचा. आणि गिळून झाल्यावर बऱ्याच वेळानं घशात किंचित गोडवा. तिनं दुसरा चमचा घेतला, जो ती कधीच घेत नसे.

"हाच," ती म्हणाली. "हात राखून केलेला नाही. कागद काढ."

हेरिननं कागद काढला. बाजाराच्या मागच्या गल्लीतलं दुकान होतं. दॉगिमचं.

यांगसुनचा चेहरा उतरला. कारखाना सुटल्यावर दॉगिमनं नवऱ्याबरोबर अर्क करायला घेतला होता. एकोणीस वर्षांपूर्वी जिनसेंगच्या जत्रेत त्यांची पहिली खेप विकायला आली. सगळे म्हणाले, यांगसुनला चव घेऊ दे. तिनं चमचा तोंडात घातला आणि भर गर्दीत म्हणाली, "यात जिनसेंग कमी, पाकच जास्त." त्या वर्षी दॉगिमची एक बाटली खपली नाही. दोनच वर्षांत तिचा नवरा गेला. लोक म्हणाले, हाय खाल्ली. यांगसुन अंत्यविधीला गेली नाही, कारण आपण खरं तेच बोललो, याची तिला खात्री होती.

"आता सुधारली असेल," ती पुटपुटली. "तेव्हा पाक घालायची."

हेरिन एव्हाना बाजारातून आणलेल्या जिनसेंगच्या भज्यांची पुडी सोडून बसली होती. एक भजं पाकात बुडवून तिनं तोंडात टाकलं आणि वर चौथ्या बाटलीतला चमचाभर अर्क चाटला.

"आजी, अजूनही घालते की. गोड लागतोय."

"अगं शहाणे, पाकातलं भजं खाऊन कुणी चव घेतं का? तो गोडवा बाटलीतला नाही, तुझ्या..."

वाक्य तिथंच अडकलं. जत्रेच्या त्या दिवशी ती सकाळपासून भज्यांच्या गाड्यावर खात उभी होती. तांदळाची दारू आणि पाकात बुडवलेली तीन भजी. चार असतील. चूळ भरली नव्हती. बावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला नियम त्या दिवशी ती स्वतःच विसरली होती. आपण एका माणसाचं घर बुडवलं, हे तिला आत्ता, नातीच्या समोर कळलं.

दुसऱ्या दिवशी सतरा तारखेचा, दर पाच दिवसांनी भरणारा मोठा बाजार होता. यांगसुन एकटीच मागच्या गल्लीत गेली. दॉगिम दुकानाच्या दारात बसून मुळ्यांची माती घासत होती. पुढं दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"दॉगिम, तुझ्या अर्कात पाक नव्हता," यांगसुन म्हणाली.

दॉगिमनं मान वर केली नाही. "काय? मला कमी ऐकू येतं हल्ली."

"तुझ्या अर्कात पाक नव्हता."

"तेव्हा तर पार पुलापलीकडे ऐकू गेलं होतं."

यांगसुनला तोंडावर चपराक बसल्यासारखं झालं, पण ती वळली. गल्लीकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "दॉगिमच्या अर्कात पाक नव्हता. पाक माझ्या तोंडात होता. मी खोटं बोलले होते."

समोरच्या दुकानातला तराजू थांबला. गिऱ्हाइकं दोघींकडे बघत राहिली.

"खोटं नाही," दॉगिम हळू म्हणाली. "चुकून बोललीस. तुझ्या हनुवटीवर पाकाचा थेंब होता, मी तेव्हाच बघितला."

"मग तिथंच का नाही सांगितलंस?"

"एवढ्या लोकांत? लोक हसले असते तुला. प्रतवारीच्या कामावर परत कुणी घेतलं नसतं." दॉगिमनं हातातली मुळी खाली ठेवली. "म्हटलं, घरी गेल्यावर तुझं तुलाच कळेल. सकाळी येशील."

यांगसुन तिथंच, मातीच्या ढिगाशेजारी खाली बसली आणि लहान मुलासारखी रडू लागली.