सोडा घालू नका, मी येते आहे

सुलभाताई वाघमारे पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा बसल्याच नाहीत. रहाटणीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी हौसेने समुद्री प्रवाळांची टाकी मांडली होती आणि थोड्याच दिवसांत सगळे प्रवाळ मिटून गेले होते. पिंपरीतल्या मत्स्यालयाच्या दुकानदाराने ताईंचा नंबर दिला. त्या आल्या, सौ.ने पुढे केलेली खुर्ची बाजूला सारून टाकीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, “अल्कलिनिटी मोजली का?”

“मॅडम, मीठ अगदी बरोबर आहे. पुन्हा पुन्हा तपासलंय.”

“मिठाचं नाही विचारलं, जाधव.”

मग त्यांनी उभ्याउभ्याच समजावले. खारटपणा वेगळा आणि अल्कलिनिटी वेगळी. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद. प्रवाळ आपला सांगाडा त्यातूनच बांधतात, म्हणून ती रोज थोडी थोडी खर्च होते आणि सोडा घालून भरून काढावी लागते. कमी पडली तर वाढ खुंटते, भसकन वाढली तर प्रवाळ भाजून निघतात. बोलता बोलता त्यांनी पर्समधून छोटी बाटली काढली, टाकीतले पाणी नळीत घेतले, थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजले. चहा त्यांनी बाल्कनीच्या दारात घाईघाईने घेतला. आमच्या आईने नंतर विचारले, “ह्या बाईंना कुठं गाडी गाठायची होती का रे?”

गाडी नव्हती गाठायची. ताई अशाच आहेत. आकुर्डीच्या कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि चाकणमधल्या एका कंपनीच्या सांडपाणी प्रक्रिया विभागात केमिस्ट म्हणून लागली. तिथले त्यांचे एक सहकारी सांगतात, साहेबांनी एकदा सुचवले होते की आजचा नमुना कालच्यासारखाच असणार, तसेच लिहून टाका. ताई भर उन्हात पुन्हा हौदावर गेल्या आणि नवा नमुना घेऊन आल्या. न मोजलेला आकडा त्यांना काट्यासारखा सलतो.

आमचे दहा-बारा हौशी माणसांचे मंडळ त्यांच्यामुळेच उभे राहिले. दर रविवारी आम्ही आपापल्या टाकीतले पाणी बाटलीत भरून त्यांच्याकडे न्यायचो. त्या मोजायच्या आणि कुणी किती सोडा घालायचा ते सांगायच्या. गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली. ती त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात यावी असा आग्रह खुद्द ताईंचाच आहे.

दोन रविवार ओळीने सगळ्यांचीच अल्कलिनिटी कमी आली. ताईंनी सोडा वाढवायला सांगितला, आम्ही वाढवला. आम्ही निर्धास्त होतो, त्या नव्हत्या. “सगळ्यांची एकदम कशी उतरेल?” हे त्या फोनवर मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. शेवटी त्यांनी दुसऱ्या कंपनीचे तपासणीचे नवे किट आणून मोजले आणि आकडा भलताच वर गेला. जुन्या किटमधल्या बाटलीचे झाकण तडकले होते. आतल्या द्रावणातले पाणी उडून उडून ते तीव्र झाले होते, त्यामुळे थोड्या थेंबांतच रंग बदलत होता आणि आकडा कमी येत होता. म्हणजे पाण्यात काही कमी नव्हतेच, आणि आम्ही सोडा ओतत होतो.

त्यांनी सगळ्यांना फोन केले. “सोडा घालू नका, मी येते आहे.” एवढेच. माझ्याकडे आल्या, पाणी तपासले आणि म्हणाल्या, “गाडीवर मागे बसा. कॅन धरायला कुणीतरी पाहिजे.” स्कूटरवर तयार खाऱ्या पाण्याचे कॅन घेऊन आम्ही निघालो. आळंदीला मंडळातल्या कुऱ्हाडे भाऊंच्या घरी त्यांनी चपला काढायच्या आधीच सांगितले, “भाऊ, माझा आकडा चुकला.”

भाऊ हसले. “व्हय, पण ताई, फोनवर सांगितलं तरी चाललं असतं की.”

“मला नसतं चाललं.”

चाकणच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत आम्ही अडकलो तेव्हा त्यांची बोटे ब्रेकवर सारखी वाजत होती. शेवटचे घर रवी पवारचे होते. रवी कंपनीत शिफ्टवर काम करतो. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून त्याने एक प्रवाळ ओंजळीत मावणार नाही एवढा वाढवला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याची टोके पांढरी पडली होती, सालपटे पाण्यात तरंगत होती.

“मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून मी टाकत गेलो,” रवी म्हणाला.

“हो. माझंच चुकलं.”

“आता बोलून काय उपयोग?” तो आत निघून गेला.

त्याची बायको ओशाळली. “ताई, ते आज नाही बोलायचे.”

“नाही बोलले तरी चालेल. रिकामी बादली आहे का?”

त्यांनी थोडे पाणी बदलले. सगळे एकदम बदलता येत नाही, अल्कलिनिटी हळूहळूच उतरवावी लागते. म्हणून कंपनी सुटल्यावर त्या रोज रवीकडे जाऊ लागल्या. रवी घरी असला तरी बोलत नसे. ताईंचे जेवणावरून मन उडाले होते, त्याच त्या विचारांनी त्या घरात येरझारा घालायच्या. प्रवाळाचा बराचसा भाग गेला. बुडाशी थोडासा जिवंत राहिला. एका संध्याकाळी दार रवीनेच उघडले आणि म्हणाला, “मॅडम, आज मी मोजतो. तुम्ही बघा.” ताईंनी बाटली त्याच्या हातात दिली.

तेव्हापासून मंडळात एका किटवर कुणी विसंबत नाही. किटच खरे बोलते का हे पाहायला ताई ठरावीक ताकदीचे द्रावण स्वतः बनवून सगळ्यांना देतात, आणि बजावतात, “मी सांगितलं तरी पुन्हा मोजा.”

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा ताई रोज यायच्या. “होईल सगळं ठीक,” असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. डॉक्टरांना गाठून रिपोर्ट समजून घ्यायच्या, मला सोप्या शब्दांत सांगायच्या आणि व्हरांड्यात माझ्याबरोबर फेऱ्या मारायच्या. आई घरी आली. धीराच्या गोड शब्दांपेक्षा मला त्या फेऱ्यांचा आधार झाला.

यंदा ताई साठ वर्षांच्या झाल्या. डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे. गेल्या बैठकीत त्यांनी सर्वांसमोर सांगितले, “मला निळा आणि हिरवा नीट वेगळा दिसत नाही. माझ्या मोजणीवर जाऊ नका.” आता थेंब त्या टाकतात आणि नळी रवी उजेडात धरतो. “बदलला का?” त्या विचारतात. “अजून नाही, मॅडम.” पुन्हा एक थेंब. “आता?” त्यांचा जीव त्या नळीत अडकलेला असतो.

ऑपरेशन लवकरच आहे. ते निर्विघ्न पार पडो, त्यांना स्वच्छ दृष्टी आणि निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अशा प्रसंगी मनःशांती लाभो असेही लिहायची पद्धत आहे. मी लिहून पाहिले आणि खोडले. ताईंना चैन पडत नाही, म्हणून आम्ही सारे निवांत झोपतो. स्वार्थी वाटेल, पण त्यांची ही तगमग आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवी आहे.