माझ्या तब्येतीची चौकशी

भागिनाथ गेल्याचं कळलं तेव्हा मी मशीनला जोडलेला होतो. डायलिसिस सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला असेल. सिस्टर हातावरची पट्टी सरळ करता करता म्हणाल्या, "सर, तो बाहेरच्या बाकावर बसायचा ना, दौलताबादचा... गेला म्हणे काल." एवढं सांगून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. हातात दोन सुया, अंगातलं रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येतंय, अशा वेळी माणसाला उठून जाता येत नाही. भिंतीकडं तोंड करून रडताही येत नाही. पाळी संपेपर्यंत मी छताच्या पंख्याकडं बघत पडून राहिलो. त्याला जाऊन आता महिना होत आला, म्हणून लिहायला बसलोय. लिहून काही होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आमचं डायलिसिस शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात होतं. उपचार फुकट, त्यामुळं मशीन थोड्या आणि माणसं उदंड. आत ज्याची जागा पक्की, तो आठवड्यातून तीनदा येतो. बाकीचे बाहेर बाकावर. आतला एखादा त्या दिवशी आलाच नाही, तर बाकावरच्या पहिल्या माणसाला त्याची पाळी मिळते, त्या दिवसापुरती. पक्की जागा मात्र बहुतेक एकाच कारणानं रिकामी होते आणि ते कारण तिथं कोणी बोलून दाखवत नाही. भागिनाथ दाखवायचा. मी रिक्षातून उतरलो की बाकावरूनच विचारायचा, "गुरुजी, तब्येत कशी हाय?" मी म्हणायचो, बरी आहे रे. "बरी हाय? मग आमचं अवघडच हाय म्हणायचं!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. बायको तर आठवडाभर त्याच्याकडं बघेना. पण मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर त्या दवाखान्यात माझ्या तब्येतीची खरीखुरी चौकशी करणारा तो एकटाच होता, कारण ज्यांचं माझ्या उत्तरावर काहीतरी अवलंबून होतं, त्यांच्यातला तो एकटाच मोकळेपणानं बोलत होता.

धनगराचा पोरगा, पस्तिशीच्या आतला, घरी दोन लहान मुली. होती ती मेंढरं विकून खासगीत डायलिसिस करून झालं होतं. आता मेंढरंही नव्हती. तोंड सुजलेलं, पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. मी मास्तरकीच्या सवयीनं दरडावायचो, "पाणी किती प्यालास?" तर म्हणायचा, "गुरुजी, उन्हातान्हात मेंढरामागं हिंडलेला माणूस मी. वाटीनं पाणी पितो आता, मांजरावाणी." आणि धाप लागेपर्यंत हसायचा.

एक दिवस मी डॉक्टर मॅडमना गाठलं. म्हणालो, माझ्या तीन पाळ्यांतली एक त्याला द्या. मी अडुसष्टचा, नोकरी झाली, लेकींची लग्नं झाली, नातवंडं बघितली. तो कोवळा आहे. मॅडमनी ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाल्या, "सर, तुम्ही मनापासून देताय, मला कळतंय. पण उद्या कोपऱ्यातल्या आजींची सून म्हणेल, सरांनी दिली, तुम्हीही द्या. परवा तर कोणी विचारणारही नाही. म्हाताऱ्यांनी आपली पाळी सोडायची अशी इथं पद्धत पडली ना, तर ती मला थांबवता येणार नाही." त्यांचं बरोबर होतं, आणि दाराबाहेर भागिनाथ धापा टाकत बसलेला होता. घरी बायकोला सांगितलं, तर तिनं हातातलं ताट आपटलं. "जीव म्हणजे काय संक्रांतीचं वाण आहे, दारात येईल त्याला द्यायला?"

तरी मी एका बुधवारी गेलो नाही. कणकण आहे म्हणून घरी सांगितलं. दवाखान्यातून फोन येणार म्हणून मोबाइल बंद करून ठेवला. भागिनाथलाही बोललो नाही. बोललो असतो तर तो सगळ्यांदेखत ओरडला असता, किंवा घेतलीच नसती. त्या दिवशी बाकावर पहिला तोच असणार, हे मला माहीत होतं. पेपर घेऊन बसलो. मनात जरा बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

अकराच्या सुमारास दार वाजलं. बायकोनं उघडलं तर भागिनाथ. चौकटीला धरून उभा, ओठ निळसर पडलेले, शब्द फुटेना. माझ्याकडं बघितलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसला. "मोबाइल का बंद ठेवला? सिस्टरनी दोनदा लावला... मला वाटलं, गेले गुरुजी." पत्ता विचारत विचारत पुंडलिकनगरात आला होता. मी ओरडलो, "अरे, तुझ्यासाठी घरी राहिलो ना मी! माझी पाळी तुला मिळावी म्हणून!" तो म्हणाला, "तुम्ही शिकलेली माणसं लई आतल्या गाठीची. सांगितलं असतं तर गप जाऊन पडलो असतो की मशीनवर."

तशीच रिक्षा केली. पोचलो तर माझ्या मशीनवर फुलंब्रीची एक आजीबाई होती. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो बाकावर नव्हता, म्हणून पुढचं नाव घेतलं. तिच्या हातात सुया गेलेल्या. तिला ऊठ कसं म्हणणार? सगळ्या मशीन भरलेल्या. मी म्हणालो, खासगीत चल, मी भरतो. "आजच्याला भरताल, गुरुजी. परवाच्याला?" एवढं बोलून तो उठला, शुक्रवारी येतो म्हणाला आणि दौलताबादची गाडी पकडायला गेला. मी त्याला जाऊ दिलं. गुरुवारी सकाळी तो घरीच वारला.

मॅडम म्हणतात, एका डायलिसिसनं फार फरक पडला नसता कदाचित. असेल. चूक कोणाची म्हणाल तर कोणाचीच नाही, आणि हेच मला सहन होत नाही. कोणी लाच खाल्ली असती, कोणी वशिला लावला असता, तर त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. मी जिवंत आहे म्हणजे बाहेर कोणीतरी बसलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. सोमवारी जातो, बुधवारी, शुक्रवारी... बाकावर नवी माणसं आहेत. ती माझ्याकडं बघत नाहीत, मी त्यांच्याकडं.

मागच्या सोमवारी त्याची बायको संगीता दवाखान्यात आली. हातात एक घोंगडी, कोरी करकरीत. म्हणाली, "आत लई गार लागतं असं तुम्ही त्यांना सांगितलं व्हतं ना? मेंढरं विकायच्या आधी शेवटची लोकर काढली, तिचीच करून घेतली. पक्का नंबर लागला की न्यायची म्हणून घडी घालून ठेवली व्हती. एक दिस अंगावर घेतली नाय." मी म्हणालो, मुलींना राहू दे गं. "पोरी बघितली की रडत्यात. न्या तुम्ही."

दुसऱ्या तासाला अंग गार पडायला लागतं, तेव्हा सिस्टर ती माझ्या पायांवर टाकतात. नवी घोंगडी फार टोचते. धुतली की मऊ पडती, असं संगीता म्हणाली होती. मी ती धुतलेली नाही.