क्वार्टरमधून निघालो मालक व्हायला: भिलाई ते दुर्ग

रिटायरमेंटला चार महिने उरले तेव्हा बाबांना शोध लागला, की आपल्याला घरच नाही. पंचवीस वर्षं स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये काढलेल्या कारकुनाला हा शोध उशिराच लागतो. तेव्हा आमचं भिलाई मध्य प्रदेशात होतं, आणि दुर्गला गेटवाली कॉलनी निघाल्याची जाहिरात आली होती. रविवारी आई, बाबा आणि मी निघालो.

तुम्हालाही असं घर बघायला जायचं असेल, तर भिलाईतल्या सुपेल्याहून टेम्पो पकडा. ड्रायव्हर "बस, निकल रहे हैं" म्हणाला तरी आधी पोहे-जिलेबी खाऊन घ्या, वेळ भरपूर मिळतो. पांढरे कपडे मात्र घालू नका. बाबांनी घातले होते, साहेबाला भेटायला जावं तसे. दुर्गला उतरेपर्यंत ते धुळीनं विटकरी झाले. पुढे मोहन नगर ओलांडून सायकलरिक्षा केली. चढ आला की मी उतरून चालायचो.

गेट खरोखर देखणं होतं. कंपाउंडची भिंत तेवढी व्हायची होती. चौकीदारानं रजिस्टरात आमची नावं आणि येण्याचं कारण लिहून घेतलं, तोवर बाजूनं सात-आठ बकऱ्या कारण न सांगता आत गेल्या.

बिल्डरच्या माणसानं दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं अंगण दाखवलं. बाबांनी नळ उघडून बंद केला. तो गळतच राहिला.

"कम्प्लेंट बुक कुठं आहे?" बाबांनी विचारलं.

माणूस हसला. "अंकल, घर आपका, नल भी आपका. कम्प्लेंट किससे करोगे?"

आमच्या टाउनशिपमध्ये काहीही बिघडलं की मेंटेनन्स ऑफिसच्या वहीत लिहायचं, माणूस येतो. बाबांनी जन्मात पाना हातात धरला नव्हता. ते चांगलेच घाबरले.

"मले नाही जमत हे," ते आईला म्हणाले. "वर्ध्याले दादाकडंच जाऊन राहू."

"तिथं बी विचारूनच राहाचं ना?" आई म्हणाली. "क्वार्टरमधी सैपाकघराले खिडकी मागतली, तं दोनदा अर्ज वापस आला. भरदुपारी लाइट लावून सैपाक करून राहिली मी. हेच घ्या. नळाचं मी पाहीन."

बाबांनी बुकिंगच्या कागदावर सही केली. इतकी सुबक सही त्यांनी पगारपत्रकावरही केली नसेल.

संध्याकाळी क्वार्टरवर परतलो, तर शेजारच्या काकू फाटकाशीच उभ्या होत्या. "काय भाऊजी, झालं का घर?"

"हो," बाबा म्हणाले, "अलॉट झालं."

"अलॉट नाही," आई कुलूप काढता काढता म्हणाली. "घेतलं. माहं घर आहे ते."

बाबांना ‘घेतलं’ म्हणायला पुढं दोन वर्षं लागली. मला त्या संध्याकाळी आईचा फार अभिमान वाटला, आणि लाजही वाटली. क्वार्टरच्या त्याच स्वयंपाकघरात बसून मी रोज जेवत होतो, आणि तिथं अंधार आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.