वरून टाकलेला प्रसाद

“गुरवानं बेल वाहावा. मंत्र कशाला?”

भोरमधल्या एका प्रतिष्ठित घरी, रुद्रपाठ संपल्यावर, भरल्या बैठकीत यजमान हे बोलले. मी पंचविशीत होतो. एका वृद्ध शास्त्रीबुवांपाशी अकरा वर्षे बसून पाठ सिद्ध केला होता. उच्चारात दोष काढता आला नाही, म्हणून जात काढली. इतरांच्या हातावर प्रसाद ठेवला गेला. माझ्या ओंजळीत तो हातभर उंचीवरून पडला. अर्धा जमिनीवर. मी वेचला. मस्तकी लावला. खाल्ला.

तो अपमान मी चाळीस वर्षे जपला. त्यातून शिकलो एकच गोष्ट. अधिक कडक सोवळे.

तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याजवळच्या आमच्या गावी महादेवाची पूजा माझ्याकडे होती. उतारवयात झालेला एकुलता मुलगा पंधरा वर्षांचा आहे. भागाबाई ही कातकरी समाजातली वृद्धा रानातून बेल आणी आणि पायरीखाली उभी राही. तिच्या बेलावर पाणी शिंपडून मी तो पिंडीवर वाहत असे. बेल चालत होता. ती चालत नव्हती.

गेल्या श्रावणात एका सोमवारी प्रसाद वाटण्याचे काम मुलाकडे होते. त्याने खोबऱ्याचा तुकडा वरून सोडला. तो चिखलात पडला.

“उचल की म्हातारे. तुला चालतंय.”

त्याचे मित्र हसले. तिने तुकडा उचलला, पदराला पुसला.

मी कडाडलो, “अरे, आजीच्या वयाची आहे ती! हातात दे!”

“अण्णा, तुमी रोज वरनंच टाकता की. म्या काय येगळं केलं?”

भूतदयेचे कितीतरी श्लोक मी त्याच्याकडून मुखोद्गत करून घेतले होते. तो मात्र माझा हात पाहत आला होता.

मी पायऱ्या उतरलो. दुसरा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. बोटे टेकली. चटका बसावा तसा तिने हात ओढला.

“नगं महाराज! सोवळं मोडलं तुमचं. लोक मलाच बोलत्याल.”

आणि माझे पाय विहिरीकडे वळले. पुन्हा स्नानासाठी. बुद्धीला न विचारता. पोहरा आत सोडला, तोच मागून मुलगा म्हणाला,

“बगा. ग्येलेच.”

भोरच्या बैठकीतही मी इतका लहान झालो नव्हतो. दोर सोडून दिला. पोहरा तळाला गेला. त्याच हातांनी गाभाऱ्यात जाऊन मी पूजा पुरी केली.

त्याने काहीही सुधारले नाही. भागाबाई पुन्हा आली नाही. मुलाला घेऊन मी तिच्या झोपडीपाशी गेलो, तर तिने दार लोटून घेतले. मुलगा बांधावर मोबाईलमध्ये मान घालून उभा होता. “झालं समाधान?” एवढेच त्याने विचारले.

मग गावची चार माणसे घरी आली. “अण्णा, एक डाव प्राचित्त घ्या. न्हाईतर पूजेची पाळी चुलतभावाकडं जाईल.”

मुलाच्या अंतःकरणात करुणा जागी होईल, अशी आशा मला उरलेली नाही. पंधरा वर्षे त्याने माझे आचरण पाहिले आहे. ते पुसण्याइतके आयुष्य माझ्यापाशी नाही.

मी म्हणालो, “प्रायश्चित्त घेणार नाही. तिला शिवलेल्या हातांनी पूजा चालत नसेल, तर पूजा न्या.”

“अण्णा, येड लागलं का तुमाला?” मुलगा ओरडला.

मी गाभाऱ्याची किल्ली त्या चौघांपुढे सरकवली.