मिठात पुरलेला साप

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास आमच्या नांदेडच्या कॉलेजात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, कोणाची बदली कुठं. माझ्या डोक्यात मात्र सापाची एक कात होती. हिमायतनगरच्या पुढं चुनखडीच्या माळावर ती मला मिळाली होती, आणि तिच्यावरच्या खवल्यांची मांडणी कुठल्याच ओळखीच्या सापाशी जुळेना. पुण्याच्या तज्ज्ञांना दाखवली. ते म्हणाले, नुसत्या कातीवर नवी जात ठरत नाही, साप आणा. मी पडलो हट्टी. दर रविवारी एस.टी.नं जाऊन माळावर दगड उलथत बसायचो. सहकारी मला गारुडी म्हणू लागले, म्हणोत बापडे.

दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या, म्हणून माळाच्या मालकीणबाईंनी तिथला दगड चुनाभट्टीला दिला होता. लिंगायत घरातल्या त्या विधवा बाईंना सगळे अव्वा म्हणत. सुरुंग लावून माळ रोज थोडा थोडा फोडला जात होता. तो संपायच्या आत साप मिळाला नाही तर सगळंच मुसळ केरात.

एका रविवारी पोहोचलो तर मजूर म्हणाले, काल दगडाखाली चेंगरून एक बारकासा, राखी रंगाचा साप मेला. जाळला का, मी घाबरून विचारलं. इकडं मेलेला साप जाळतात. अव्वांनी जाळू दिला नव्हता. त्यांच्यात माणसाला पुरतात, तसाच त्यांनी तो मीठ आणि विभूती घालून बांधाशी पुरला होता. मीठ म्हणताच, साप कुजला नसणार म्हणून, मला आनंदानं हसू फुटलं, पण अव्वांचा चेहरा बघून ते गिळावं लागलं.

उकरू द्या म्हणालो, तर त्यांनी साफ नकार दिला. पुरलेल्याला हात लावत नसतात, म्हणाल्या. मी तिथून हललो नाही. ऊन कललं तशा त्या जवळ आल्या.

"त्यो नवा हाय म्हनून कळलं, तर भट्टी बंद व्हईल का, मास्तर?"

"सांगता येत नाही, अव्वा. पण तो इथं होता, हे तरी कुणाला नाकारता येणार नाही."

 त्या खाली बसल्या, हात जोडले आणि स्वतःच माती बाजूला करू लागल्या. मी पुढं झालो, तर त्यांनी मला अडवलं.

"दगड म्या इकला. ह्ये बी माझ्याच हातानं व्हऊ द्या."

साप आखडला होता, पण खवला न् खवला शाबूत होता.

जात नवी ठरली. ते कळेपर्यंत निम्मा माळ भट्टीत गेला होता. उरलेल्या निम्म्यावर मी अजून दर पावसाळ्यात जातो, एकेक दगड उलथतो आणि पुन्हा होता तसा ठेवतो. लोक त्या सापाचा शोध माझ्या नावावर सांगतात. मी तो जिवंत एकदाही पाहिलेला नाही, आणि पाहिल्याशिवाय थांबणार नाही.